साथीच्या काळात मणक्याला मार लागला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वॉर्डाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचे आहेत. काही फोनवर विचारलेले, काही मास्कमधून ओरडून. उत्तरे मुख्यतः कोविडच्या साथीत जे शिकायला मिळाले त्यावर बेतलेली आहेत. श्वासातून पसरणारी दुसरी एखादी साथ आली तरी त्यातले बरेचसे लागू पडेल. आपल्या पेशंटबद्दलचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

पडल्यापासून पाठ खूप दुखतेय, पण रुग्णालयात गेलो तर संसर्ग होईल. घरीच पट्टा बांधून चार दिवस बघितलं तर?

नको. हात-पाय बधिर झाले, ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, जांघेत आणि बसायच्या जागी स्पर्श लागेनासा झाला, यांतले एक जरी लक्षण असेल तरी लगेच निघायचे. उंचावरून पडणे किंवा वाहनाचा अपघात असेल तर लक्षणे नसली तरी मणका तपासून घ्यायचा. वयस्कर माणसाच्या मानेचा मणका तर घरातल्या घरात पाय घसरूनही मोडतो, आणि साथीत सगळे घरात बसले म्हणून घसरणे काही थांबत नाही.

नेताना पेशंटला उठवून बसवू नका, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून उचला. श्वासाला त्रास नसेल आणि उलटी होत नसेल तर त्याला मास्क लावा. उचलणाऱ्या सगळ्यांनी तर लावायचाच.

चाचणीचा रिपोर्ट यायचाय म्हणून ऑपरेशन थांबवलंय का?

तातडीचे ऑपरेशन असेल तर त्या कारणाने थांबायला नको. थांबवले असेल तर कारण विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

मज्जारज्जूची दुखापत दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा अपघाताच्या क्षणी होऊन जातो, त्यावर कुणाचाच इलाज नाही. दुसरा पुढचे काही तास आणि दिवस चालू राहतो: सूज येते, रक्तपुरवठा घटतो, जगू शकल्या असत्या अशा पेशीही मरू लागतात. सरकलेले हाड किंवा आत घुसलेली दोन मणक्यांमधली चकती रज्जूला दाबत असेल तर तो दाब २४ तासांच्या आत काढलेला बरा, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानेच्या दुखापतींवरच्या मोठ्या अभ्यासापासून जगभर मानले जाते. साथ आली म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

मग रिपोर्टचे काय? नाकातला नमुना दाखल होतानाच घेतात. झटपट होणाऱ्या अँटिजेन चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळतो, आरटी-पीसीआरला काही तास लागतात. तोवर पेशंट बाधितच आहे असे धरून चालायचे: पूर्ण पीपीई, वेगळे ऑपरेशन थिएटर, आत मोजकीच माणसे. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर थोडे किट वाया गेले, एवढेच. मणक्याचा सीटी स्कॅन करायचाच असतो, त्याच फेरीत छातीचाही काढून घेतात, म्हणजे पेशंटला दोनदा हलवावे लागत नाही आणि फुफ्फुसाची स्थितीही कळते.

मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं ऑपरेशन पुढे का ढकललं? त्याचाही मणकाच मोडलाय.

मणका मोडणे आणि मज्जारज्जू दबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणक्याचा पुढचा भाग चेपला आहे, पण मणक्यांना मागून एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध शाबूत आहेत, पायांची ताकद आणि संवेदना पूर्ण आहे, असे फ्रॅक्चर बऱ्याचदा पट्टा आणि वेदनाशामक औषधांवरच भरून येते. साथीत अशा पेशंटला ऑपरेशनशिवाय आणि लवकर घरी पाठवण्याकडे कल वाढतो. आयसीयूची खाट वाचते हे त्याचे एक कारण, आणि पेशंट संसर्गाच्या जागेपासून लांब राहतो हे दुसरे.

अधल्यामधल्या केसेसमध्ये मात्र खरी ओढाताण असते. एरवी ज्या फ्रॅक्चरवर ऑपरेशन करून पेशंटला तिसऱ्या दिवशी उभे केले असते, त्याला पट्ट्यात सहा-आठ आठवडे काढायला सांगितले जाते. यात काही जणांची पाठ किंचित वाकडी भरून येते. हा सौदा आहे आणि तो पेशंटला सौदा म्हणूनच समजावून सांगायला हवा. ‘तुम्हाला ऑपरेशनची गरजच नाही’ असे वर वर सांगून मोकळे होणे मला पटत नाही. पट्ट्यात असताना पायाची ताकद कमी झाली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत यायचे, हे त्याला लेखी दिलेले असावे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता ऑपरेशन झेपेल का?

धोका वाढतो, हे खरे. २०२० च्या पहिल्या लाटेत कोविड असताना किंवा ऑपरेशनच्या आगेमागे तो झाला असताना शस्त्रक्रिया झालेल्या ११२८ पेशंटचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. त्यांतल्या निम्म्यांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. त्यात सर्व प्रकारची ऑपरेशने होती, फक्त मणक्याची नव्हेत. नंतरच्या, एक लाख चाळीस हजारांहून जास्त पेशंटच्या अभ्यासावरून सल्ला निघाला की थांबता येण्यासारखे ऑपरेशन संसर्गानंतर सात आठवडे थांबवावे. ही दोन्ही आकडेवारी लस सर्वांपर्यंत पोचण्याआधीची आहे. लस घेतलेल्या आणि सौम्य आजार झालेल्या माणसाला ती जशीच्या तशी लावू नये.

आणि सात आठवड्यांचा नियम थांबता येण्यासारख्या ऑपरेशनचा आहे. पायांची ताकद तासातासाला उतरत असेल, किंवा मानेचे मणके एकमेकांवरून निसटले असतील, तर पॉझिटिव्ह असतानाही ऑपरेशन करतात. फार तर पद्धत बदलतात: मोठा छेद टाळून त्वचेतल्या छोट्या छिद्रांतून स्क्रू बसवतात, वेळ आणि रक्तस्राव दोन्ही कमी. हाड कोरणाऱ्या वेगवान ड्रिलने रक्त-पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात, म्हणून तो जपून वापरतात आणि ते तुषार ओढून घेणारे सक्शन शेजारीच धरतात. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे हा तर संसर्ग पसरण्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा क्षण. जागेपणी दुर्बिणीतून नळी घालताना पेशंट खोकतो, म्हणून शक्य तिथे पूर्ण भूल देऊन व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (घशाचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने) नळी घालतात. एक जण त्या वेळी मान दोन्ही हातांनी स्थिर धरून असतो.

डॉक्टर किट घालून येतात, दोन मिनिटांत जातात. नीट तपासतात का?

चांगला प्रश्न आहे. मणक्याच्या पेशंटमध्ये टाचणी आणि कापसाने करायची तपासणी कोणत्याही स्कॅनइतकीच मोलाची असते. कोणत्या स्नायूत किती ताकद, कुठपर्यंत स्पर्श कळतो, गुदद्वाराभोवती संवेदना आहे का, यावरून दुखापतीला ए ते ई अशी श्रेणी देतात. ए म्हणजे सगळ्यांत खालच्या भागातही हालचाल वा संवेदना उरलेली नाही, ई म्हणजे सर्व पूर्ववत. ही तपासणी एकदा करून भागत नाही. श्रेणी घसरली तर निर्णय बदलतो.

विलगीकरण कक्षात मात्र प्रत्येक फेरीला किट चढवावे-उतरवावे लागते आणि फेऱ्या आपोआप कमी होतात. यावर साधा उपाय आहे. पेशंट शुद्धीवर असेल तर दर दोन तासांनी काचेपलीकडून किंवा फोनवरून त्याला पायाचे अंगठे हलवायला, मुठी आवळायला सांगायचे आणि वेळ टाकून लिहून ठेवायचे. पूर्ण तपासणीची जागा हे घेत नाही, पण काल हलणारा अंगठा आज हलत नाही एवढे तरी वेळेत कळते. तुम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत असाल तर तुम्हीही विचारू शकता. ‘अंगठा हलवून दाखव’ म्हटल्यावर तो हलला नाही तर नर्सना लगेच सांगा.

आयसीयूत रक्तदाबाचं औषध चालू आहे. बीपी वाढलंय का?

उलट. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या दुखापतीत रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब आणि नाडी दोन्ही खाली येतात. इजा झालेल्या रज्जूला रक्त पुरावे म्हणून सरासरी रक्तदाब (वरचा आणि खालचा मिळून काढलेला आकडा) मुद्दाम चढा ठेवतात. वर्षानुवर्षे ८५ ते ९० हे लक्ष्य सात दिवस धरले जायचे. अलीकडच्या सूचनांत खालची मर्यादा ७५ ते ८० पर्यंत आणि मुदत ३ ते ७ दिवस अशी सैल झाली आहे.

कोविडचा न्यूमोनिया सोबत असेल तर पंचाईत होते. रज्जूला भरपूर रक्तदाब हवा, म्हणून सलाइन द्यावेसे वाटते. सुजलेल्या फुफ्फुसाला मात्र जास्तीचे पाणी सोसत नाही. म्हणून सलाइन आखडते घेऊन नॉरअ‍ॅड्रेनालिनसारख्या औषधाने दाब राखतात. तुम्ही पाहिलेले औषध बहुधा तेच.

स्टेरॉइडने कोविडही बरा होतो आणि मणक्यालाही फायदा होतो म्हणे. मग भरपूर का देत नाहीत?

कारण ही दोन वेगळी औषधे, दोन वेगळे डोस आणि दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीने दाखवले की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटमध्ये डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, मृत्यू कमी करते. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही.

मणक्यासाठीचा डोस १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासातून आला: मिथाइलप्रेडनिसोलोन, सुरुवातीलाच वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला एका दमात २१०० मिलिग्रॅम आणि वर २३ तास ठिबकत. फायदा वादग्रस्त, आणि जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव यांचा धोका खरा. म्हणून आता बहुतेक ठिकाणी हा डोस सरसकट देत नाहीत. साथीत तर त्याची भीती अधिकच. कोविडसाठीचे ६ मिलिग्रॅम मात्र गरज पडल्यास मणक्याच्या पेशंटलाही देतात.

ताप आला. कोविडच असणार ना?

असेल किंवा नसेल. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असेल तर त्या पातळीखाली घाम येत नाही आणि शरीराचे तापमान खोलीप्रमाणे वर-खाली होते. शिवाय लघवीतला संसर्ग, पायातल्या शिरेतली गुठळी, बेडसोर, ऑपरेशनची जखम, ही सगळी तापाची नेहमीची कारणे आहेतच. ‘ताप म्हणजे कोविड’ म्हणून पेशंटला विलगीकरणात हलवायचे आणि तुंबलेली लघवी तशीच राहायची, हे होऊ नये.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. मानेखाली अंग लुळे असलेल्या माणसाला अंगदुखी जाणवत नाही. छातीचे स्नायू चालत नसल्याने धाप लागलेली वरून दिसत नाही. खोकण्याची ताकदच नसते, तर खोकला कुठून ऐकू येणार? अशा पेशंटमध्ये नुसता थकवा, अंगातले झटके (लुळ्या स्नायूंचे आपोआप आखडणे) वाढणे किंवा वास न येणे एवढेच लक्षण असू शकते. म्हणून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि मिनिटाचे श्वास मोजणे यांवर भर.

कोविडच्या पेशंटला बसवून ठेवतात, आमच्या पेशंटला सपाट का झोपवलंय?

श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूच्या, नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. दुखापत त्याखाली असेल तर श्वासपटल चालते, पण बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू ढेपाळतात. अशा माणसाला बसवले की पोट पुढे लोंबते, श्वासपटल खाली ओढले जाते आणि प्रत्येक श्वास तोकडा पडतो. सपाट निजला की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलून आधार देतात. इतर फुफ्फुसविकारांच्या अगदी उलट. मणक्याच्या अशा पेशंटला बसवायचेच असेल तेव्हा पोटाला रुंद पट्टा बांधतात. इतर वॉर्डातून मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांना हे ठाऊक नसणे शक्य आहे, तेव्हा खाटेवर चिठ्ठी लावायला सांगा.

कफ काढणे हा रोजचा मोठा उद्योग. पेशंट श्वास सोडत असताना बरगड्यांखाली दोन्ही तळव्यांनी आत-वर दाब देऊन त्याच्या वतीने खोकावे लागते. त्याने तुषार उडतात, म्हणून साथीच्या सुरुवातीला काही ठिकाणी फिजिओथेरपी थांबवण्याकडे कल होता. पण कफ साचला तर याच पेशंटचे फुफ्फुस बसते. योग्य मार्ग म्हणजे उपचार चालू ठेवायचा आणि करणाऱ्याला एन-९५, चष्मा, गाऊन द्यायचा. व्हेंटिलेटरवर असेल तर बंदिस्त सक्शन (श्वासाची नळी न उघडता कफ ओढणारे) वापरायचे. सक्शन करताना मानेच्या दुखापतीत नाडी एकदम मंदावू शकते, क्वचित हृदय थांबतेही. म्हणून मॉनिटरवर नजर आणि नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन हाताशी.

घशाला छिद्र पाडायला उशीर का करताहेत?

२०२० च्या सुरुवातीला अनेक सूचनांत कोविड पेशंटची ट्रॅकिओस्टोमी दोन-तीन आठवडे लांबवा असे होते, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी. पुढे अनुभव वाढला, किट मिळू लागले आणि मुदती सैल झाल्या. मानेच्या वरच्या दुखापतीत श्वासाची मदत दीर्घकाळ लागणार हे पहिल्याच आठवड्यात दिसत असते, तेव्हा छिद्र लवकर पाडलेले बरे: तोंडातली नळी जाते, गुंगीचे औषध कमी होते, व्यायाम सुरू होतो.

यानिमित्ताने एक आठवण. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या छातीमुळे माणसे गुदमरत होती आणि लोहफुफ्फुसे (माणसाला आत निजवून श्वास देणारी मोठी पेटीसारखी यंत्रे) अगदी मोजकी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छिद्र पाडून त्यातून हाताने फुगा दाबत श्वास देण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने तो फुगा दाबत बसले. आजचे आयसीयू त्यातूनच उभे राहिले. मानेचा मणका मोडलेला पेशंट आज जगतो, त्यात एका साथीचाही वाटा आहे.

ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून पालथं झोपवणार म्हणतात. मोडक्या मणक्याला चालेल?

मणका स्क्रूंनी पक्का केलेला असेल तर चालते. अस्थिर असताना नाही. कधी कधी पालथे करता यावे एवढ्यासाठीच मणका आधी जोडून घेतात. पालथे ठेवणे दिवसाला १६ तासांपर्यंत जाते. गाल, हनुवटी, छाती, गुडघे यांवर जखमा होतात आणि पेशंटला त्या जागा बधिर असतील तर तो सांगूही शकत नाही.

माणसं कमी आहेत, कूस बदलायला कुणी येत नाही. एवढ्याने काय बिघडतं?

सगळ्यांत जास्त इथेच बिघडते. संवेदना नसलेल्या कातडीवर दाब राहिला की काही तासांत ती काळी पडू लागते, आणि माकडहाडावरची खोल जखम भरायला महिने जातात. ऑपरेशन उत्तम झाले, संसर्ग टळला, आणि पेशंट बेडसोरमुळे सहा महिने पालथा पडून राहिला, असे होऊ शकते. दर दोन तासांनी कूस म्हणजे दिवसाला बारा वेळा. अस्थिर मणक्याला ओंडक्यासारखे एकसंध वळवावे लागते आणि त्याला चार-पाच माणसे लागतात: एक डोक्याशी, तीन धडाशी नि पायांशी, एक कातडी बघायला. डोक्याशी असलेला मोजणी म्हणतो, पण दोन मास्कांमधून ‘तीन’ नीट ऐकू येत नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवून घ्यावी.

माणसे खरोखरच कमी असतील तर एकाच पथकाने किट घालून सगळ्या खाटांची फेरी मारावी, आणि त्याच फेरीत चादर, कातडी, लघवीची पिशवी, सगळे बघून घ्यावे. हवेची गादी मदत करते, पण ती आहे म्हणून कूस बदलणे सोडता येत नाही. मानेच्या कॉलरखालची हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग रोज बघायचा. हे लोक विसरतात.

पायात गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन देतात, ते कोविडमुळे की मणक्यामुळे?

दोन्हींमुळे. लुळ्या पायात रक्त साकळते आणि कोविडही रक्त दाट करतो. रक्तस्रावाची भीती टळली की साधारण ७२ तासांच्या आत हेपॅरिन सुरू करतात. ऑपरेशनच्या आगेमागे ते थोडे थांबवतात, तेवढे लक्षात ठेवा.

पेशंटचं डोकं अचानक ठणकतंय, चेहरा लाल झालाय, घाम फुटलाय.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर किंवा त्या पातळीवर असेल आणि अपघाताला काही आठवडे उलटले असतील तर ही आणीबाणी समजा. खालच्या अंगातल्या एखाद्या त्रासाने, बहुतेकदा तुंबलेल्या मूत्राशयाने, रक्तदाब भलताच चढतो. या माणसांचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० च्या आसपास असतो, त्यामुळे १४० पाहून कुणी ‘ठीक आहे’ म्हणेल. ठीक नसतो. लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे मुडपली किंवा अडली आहे का बघा. ती ठीक असेल तर शौच साचलेले आहे का बघा. आणि डॉक्टरांना हाक मारा. साथीत मणक्याचे वॉर्ड रिकामे करून पेशंट इतरत्र विखुरले जातात, तिथल्या लोकांनी हा प्रकार कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे तुम्हाला तो माहीत असणे जास्त गरजेचे.

लस घेतली तर चालेल का?

चालेल, घ्यावी. नंतरच्या तापाने झटके एक-दोन दिवस वाढू शकतात.

पुनर्वसन केंद्र बंद आहे आणि रुग्णालय घरी जा म्हणतंय. काय शिकून घेऊ?

लघवी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने काढणे, एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू न देणे. शौचाची ठरावीक वेळ. आरशाने कातडी बघणे. खाटेवरून खुर्चीवर नेणे. हे नर्ससमोर स्वतःच्या हाताने निदान तीनदा करून दाखवल्याशिवाय निघू नका. व्यायाम व्हिडिओवरून पुढे चालू ठेवता येतो, नळी घालणे मात्र व्हिडिओवरून पहिल्यांदा शिकू नये.

भेटायला सोडत नाहीत, आणि त्याला बोलता येत नाही. करायचं काय?

सांभाळणारा माणूस आणि भेटायला येणारा माणूस यांत फरक आहे, तो प्रशासनाला नम्रपणे पण ठामपणे सांगा. जो कूस बदलतो, भरवतो, तो भेटीला आलेला पाहुणा नाही. चाचणी करून, मास्क देऊन एकाला राहू देणे बऱ्याच ठिकाणी शक्य होते.

ते जमले नाही तर वर्णमालेचा मोठा तक्ता आत पाठवा. घशात नळी असलेला माणूस ओठ हलवून बोलतो, पण ओठ वाचायला समोरच्याला वेळ लागतो. आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडावर मास्क असल्याने त्यालाही त्यांचे ओठ दिसत नाहीत. डोळ्यांची खूण ठरवा: एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ती मोठ्या अक्षरात लिहून उशाशी लावायला सांगा. व्हिडिओ कॉलला मोबाइल कुणीतरी धरून उभे राहावे लागते, म्हणून रोजची वेळ एकच ठरवा, आणि त्या वेळी प्रश्न असे विचारा की ज्यांचे उत्तर डोळ्यांनी देता येईल.